आईचे नाव आले, बाईचे कधी?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारने ठरवून दिला. निर्णय फार चांगला होता. मात्र त्याच निर्णयात विवाहितेची जुनीच रीत कायम राहिली: तिचे नाव, पुढे नवऱ्याचे नाव, मग त्याचे आडनाव. मालमत्तेच्या कागदांवर लग्नाआधीचे नाव ठेवण्याची मुभा तेवढी मिळाली. लेकराच्या नावात आई आली. आईच्या नावातून तिचे माहेर गेले ते गेलेच.

आपल्याकडे तर नुसत्या आडनावावर भागत नसे. गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजन, ताटात पसरलेले तांदूळ, त्यात नवऱ्याने अंगठीने लिहिलेले नवे नाव आणि मग पेढे. कल्याणची यमुना अशीच आनंदीबाई जोशी झाली, कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. आता पाळण्यातले नाव बऱ्याच जणी राखतात. आडनावाशी आले की घरचे, दारचे सगळेच समजूत घालायला येतात.

जपानमध्ये नवरा-बायकोने एकच आडनाव लावावे, अशी कायद्याचीच सक्ती आहे. कोणाचे, ते कायदा सांगत नाही. तरी सुमारे ९५ टक्के जोडप्यांत बायकोच आपले सोडते. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती उचलून धरली, तेव्हा १५ पैकी पाच न्यायमूर्तींनी ती घटनाबाह्य ठरवली. न्यायालयातल्या तिन्ही महिला न्यायमूर्ती त्या पाचांत होत्या.

भारतात असा कायदाच नाही. पण कचेरीच्या खिडकीपलीकडून 'लग्न झालंय ना? मग मिस्टरांचं नाव लिहा' असे ऐकू आले, की बाई निमूटपणे लिहिते. पुढे पदवी एका नावाची, रेशनकार्ड दुसऱ्या नावाचे आणि दोन्ही नावांची बाई एकच, हे सांगणारे प्रतिज्ञापत्र तिने करायचे. लग्न झाले म्हणून असा कागद करण्याची वेळ नवऱ्यावर येत नाही.

एका घरात दोन आडनावे आली की घर दुभंगते, ही भीती खोटी आहे. स्पेनमध्ये बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत, मुले दोघांचीही आडनावे लावतात. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने १९८१ पासून आणि ग्रीसने १९८३ पासून लग्नानंतरही जन्माचेच नाव कायद्याने कायम केले. त्यांची सक्ती मात्र आम्हांला मान्य नाही. सासरचे नाव जिला मनापासून हवे, तिला ते लावता आलेच पाहिजे.

म्हणून त्या निर्णयातली विवाहितेची ओळ सरकारने बदलावी. जन्मनोंदीतले नाव हेच तिचे नाव धरावे. जिला बदल हवा असेल तिने साधा अर्ज द्यावा, तोही विनाशुल्क. आणि जी अर्ज देणार नाही, तिच्याकडे कोणत्याही कचेरीने नवऱ्याच्या नावाचा आग्रह धरू नये.