शेतातच असतो

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांपुढे लंडनवर पडणारे बॉम्ब नाही तर रशियातला बर्फ उभा राहतो. इंग्लंडातल्या आयाबाया रेशनची पुस्तके हाती धरून लोण्यासाठी कशा रांगा लावीत, हेही आपण कादंबऱ्यांतून वाचलेले असते. पण त्याच वर्षांत आमच्या सातारा-सांगलीकडच्या चुली कशा पेटत होत्या, हे विचारायचे तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच विचारावे लागते. मी माझ्या आजीला विचारले होते.

1942 साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, आणि तिकडून येणारे तेल व तांदूळ थांबले. आजीच्या लेखी महायुद्ध म्हणजे आधी रॉकेल! दिवेलागणीला कंदील लावायचा तो जेवणापुरता. एरवी चुलीच्या उजेडात भागवायचे. मग नाण्यांचा दुष्काळ आला. तांबे वाचावे म्हणून सरकारने 1943 साली मध्ये भोक असलेला पैसा काढला. आजी तो दोऱ्यात ओवून खुंटीला टांगून ठेवी. "सरकारनं पैशाचंसुद्धा पोट काढून घेतलं बघ," असे ती म्हणे.

तिचे सासर वाळवे तालुक्यातले. आज तो सांगली जिल्ह्यात मोडतो, तेव्हा साताऱ्यात होता. सांगली हे निराळे संस्थान, औंध त्याहून निराळे, आणि मधूनमधून इंग्रजी मुलूख. नकाशा कसला, वाकळच ती! पोलिसांना ही वाकळ फार जाचे आणि भूमिगतांना फार ऊब देई. 1942 च्या सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार गावोगाव उभे राहिले. 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून निसटले. हे सारे इतिहासात आहे. इतिहासात नाही ती आजीची भाकरी.

तिचे थोरले दीर मराठा पलटणीत होते, आधी आफ्रिकेत आणि मग इटलीत. धाकटे दीर भूमिगत. थोरल्यांची मनिऑर्डर महिन्याच्या महिन्याला पुढच्या दाराने येई; त्या पैशांच्या जोंधळ्याची भाकरी रात्री मागच्या दाराने धाकट्यांकडे जाई. सरकारचा पगार सरकारच्याच शत्रूला पोसत होता. आणि घरात कोणाला त्यात विसंगती दिसत नव्हती. दोन्ही मुले आपलीच, भूक दोघांनाही.

पंचाईत होई ती पत्र लिहिताना. आजी चौथी शिकलेली, म्हणून सासरे सांगत आणि ती लिही. पलटणीतली पत्रे सेन्सॉर उघडून वाचतो, हे सर्वांना ठाऊक. थोरला तर प्रत्येक पत्रात विचारायचा, धाकटा काय करतो? खरे लिहावे तर घरावर धाड, आणि त्याच्या नोकरीवरही गदा. खोटे लिहायला सासरे तयार नाहीत, माळकरी माणूस. शेवटी त्यांनी तोड काढली. "लिही पोरी, धाकटा शेतातच असतो." अक्षरशः खरे होते ते. उभ्या जोंधळ्यात तो दिवस दिवस पडून असे.

तीन वर्षे हे वाक्य दर पत्रात गेले. त्याच्या पुढेमागे पाऊसपाणी, म्हशीचे वेत, रॉकेल मिळत नाही, जोंधळा महागला, असे नेहमीचे.

थोरले 1946 साली परत आले. तोवर धाकटेही उजळ माथ्याने घरी आले होते. दोघे एका पंगतीला बसले, तेव्हा थोरल्यांनी एवढेच विचारले, "काय रे, पीक कसं आलं?" म्हणजे त्यांना कळले होते तर!

जेवण झाल्यावर त्यांनी ट्रंकेतून पत्रांचा गठ्ठा काढून आजीपुढे ठेवला. पत्रांवर जागोजागी सेन्सॉरची काळी शाई फासलेली होती. आजीने भीत भीत एकेक उलगडले. शेताचे वाक्य प्रत्येक पत्रात जसेच्या तसे होते. खोडले होते ते रॉकेल आणि जोंधळ्याचा भाव.