अनुमोदनेचं पाप

स्टेरॉइड घेणाऱ्या खेळाडूंनी अमेरिकेतल्या बेसबॉलची अब्रू घालवली, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे अर्धंच खरं वाटतं. 1994च्या संपात वर्ल्ड सिरीज रद्द झाली, प्रेक्षक रुसले. 1998मध्ये मार्क मॅग्वायरने 70 होम रन ठोकले आणि गर्दी परत उसळली. त्याच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली त्याच वर्षी दिसली होती. पण गल्ला भरत असताना बाटलीकडे बघतंय कोण? मालकांनी कानाडोळा केला, खेळाडूंच्या संघटनेने चाचणीला विरोध केला. नावानिशी चाचणी व्हायला 2004 उजाडलं.

आता हिशेब बघा. 762 होम रन मारणाऱ्या बॅरी बाँड्सला 2022मध्ये 'हॉल ऑफ फेम'च्या मतदारांनी दहाव्यांदा नाकारलं. त्या साऱ्या काळात कारभार बघणारे कमिशनर बड सेलिग मात्र 2017मध्येच सन्मानाने आत जाऊन बसले! आम्हा जैनांत कृत, कारित, अनुमोदित अशा तिन्ही वाटांनी पाप लागतं. सुई टोचून घेणारा दोषी आहेच. मग त्याच्या फटक्यांवर तिकिटं विकणारे निर्दोष कसे? दार लावायचं तर दोघांनाही लावा. नाहीतर तिथल्या सन्मानावर लोकांनी विश्वास का ठेवावा?