पक्ष राहिला, शाळा गेली

जुलै १९५६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' सुरू केले. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे संचालक, विद्यार्थी १५. डिसेंबरात महापरिनिर्वाण झाले आणि मार्च १९५७ मध्ये शाळा बंद पडली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. म्हणजे पक्ष जन्मला तेव्हा कार्यकर्ता घडवणारी शाळा उरलीच नव्हती! पुढे गट किती पडले, ते वाचकांना सांगायला नको.

तुळिंजहून वसईची खाडी ओलांडली की भाईंदर, तिथून पश्चिमेला उत्तन. तिथे रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते. संस्था १९८२ ची, विचार संघाचा. तो विचार आम्हाला मान्य नाही. चिकाटी मात्र मान्य करावी लागते.

आणि आपण? २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. राखीव प्रभागांतून आपली माणसे सभागृहात गेली. मागासवर्गीयांचा निधी अर्थसंकल्पात कुठे दाखवतात, खर्च न झाल्यास जाब कोणाला विचारायचा, हे त्यांना शिकवले कोणी? जयंतीच्या कमानींवर फोटो मात्र सगळ्यांचे. २०२० ला मुदत संपली, मग पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक. तेवढ्या काळात तुळिंजमध्ये चार-पाच तुकड्या सहज निघाल्या असत्या. विहारे आपली आहेत, पालिकेतून निवृत्त झालेले जाणते कर्मचारीही आपल्यातच आहेत. पहिल्या तुकडीसाठी आम्ही १५ च नावे मागतो आहोत.