ठराव झाला, पुढे कोण?

महाडच्या चवदार तळ्याची हकिकत आपण दर 20 मार्चला सांगतो, पण अर्धीच. सत्याग्रहाआधीची वर्षं आपण गाळतो, कारण त्या वर्षांत आपला चेहरा दिसतो.

1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने आपलं तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर अन्याय संपला. तळ्यावर मात्र काहीच बदललं नाही. गुरंढोरं पाणी पीत राहिली आणि माणसं काठापासून लांब राहिली. गावातली पाच-पन्नास सवर्ण माणसं पायरीवर उभी राहून ‘या, आम्ही सोबत आहोत’ म्हणाली असती, तर सत्याग्रहाची वेळच आली नसती.

मग 1927 उजाडलं. महाडला अस्पृश्यांची परिषद भरली. बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायलं. लगेच अफवा उठली, लाठ्या निघाल्या, परिषदेला आलेली माणसं मार खाऊन जखमी झाली. पुढे 108 घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. जो ठराव तीन वर्षं कुणाला टोचला नव्हता, तो पहिली ओंजळ भरताच टोचू लागला. अंमलात न येणारा ठराव सगळ्यांनाच परवडतो. त्यात मोठेपणा मिळतो आणि पदरचं काही जात नाही. न्यायालयाचा अंतिम निकाल दलितांच्या बाजूने लागायला 1937 साल उजाडावं लागलं.

आज आपण यापेक्षा शहाणे झालो आहोत का? मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. फार मोलाचं काम! त्याच महिन्यात राज्य सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठिकठिकाणी ठराव झाले, फोटो निघाले.

पण खरी वेळ मयताच्या घरी येते. प्रेत दारात आहे, ती बाई भानावर नाही, आणि चार जाणत्या बायका तिचे हात धरायला पुढे सरसावतात. तेव्हा ठरावाच्या बाजूने हात वर करणारे सरपंच, गुरुजी, तालुक्याला शिकलेला पुतण्या, सगळे अंगणात मान खाली घालून उभे असतात. ‘बायकांच्या कामात आपण कशाला पडायचं?’ हे वाक्य म्हणजे निव्वळ भित्रेपणा आहे. आणि या भित्रेपणाची किंमत ती बाई उरलेलं आयुष्य भरत राहते: मुलीच्या लग्नात मागच्या रांगेत, बारशाला स्वयंपाकघरात, ओटी भरताना दाराआड. आठ मार्चला स्त्रीमुक्तीवर बोलणाऱ्या शहरी घरांतही आई विधवा असेल, तर कन्यादानाला काका-काकू बसतात. तिथे तर अडवायला गावकीही नसते!

मला नवा ठराव नको, नवी समितीही नको. येत्या संक्रांतीला तुमच्या घरी हळदीकुंकू असेल. शेजारच्या विधवा काकूंच्या दारी पहिलं बोलावणं घेऊन कोण जाणार, आणि सर्वांसमोर त्यांच्या कपाळाला कुंकू कोण लावणार, तेवढं आज घरात ठरवा.