प्रमेहातील पथ्य : मोजून सांगावे, लिहून द्यावे

प्रमेहाच्या चिकित्सेत पथ्याला औषधाहून वरचे स्थान आहे, हे वाक्य आपल्या व्यवसायात इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याची धार बोथट झाली आहे. प्रत्यक्षात आपण रुग्णास काय सांगतो? "साखर बंद, भात-बटाटा कमी, भाकरी खा." एवढे तोंडी सांगून चूर्णाची पुडी आणि वटीची बाटली पुढे केली जाते. औषधाची मात्रा कागदावर येते, पथ्याची मात्रा येत नाही. टाईप टू मधुमेहात कर्बोदके कमी करण्याचा, म्हणजे ज्यास सामान्यतः 'लो-कार्ब' म्हणतात तो आहारविचार आज सर्वत्र मान्यता पावत आहे. वैद्यवर्गाने 'हे तर आमचेच' म्हणून त्याच्याशी सलगी करू नये आणि 'हे पाश्चात्त्य खूळ' म्हणून त्याकडे पाठही फिरवू नये. त्या विचारातील मोजमाप आपण घ्यावे, आपल्या शास्त्रातील रुग्णविचार त्यात घालावा, आणि पथ्य औषधाप्रमाणेच लिहून द्यावे, असे आमचे मत आहे.

हा आहारविचार वस्तुतः नवा नाही. जॉन रोलो या ब्रिटिश सैन्यातील शल्यचिकित्सकाने १७९७ मध्ये मधुमेही रुग्णास धान्य वर्ज्य करून मांसप्रधान आहारावर ठेवल्याचे वृत्त प्रसिद्ध केले होते. १९२१ मध्ये इन्शुलिनचा शोध लागेपर्यंत कठोर आहारनियंत्रण हाच डॉक्टरांच्या हातातील मुख्य उपाय होता. इन्शुलिन आले, मागून गोळ्या आल्या आणि ताटातील धान्य परतले. त्यानंतर अनेक दशकांनी, २०१९ मध्ये, अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या आहारविषयक अहवालाने मान्य केले की रक्तशर्करा सुधारण्यासाठी एकूण कर्बोदके कमी करण्याच्या उपायास सर्वाधिक पुरावा आहे. २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केलेल्या २३ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात, दिवसाला १३० ग्रॅमहून कमी कर्बोदके घेणाऱ्यांत सहा महिन्यांनी मधुमेह उपशम पावण्याचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. मात्र बारा महिन्यांनी हा फरक बराच ओसरला होता. दोन्ही गोष्टी सारख्याच लक्षात ठेवाव्यात. उपाय लागू पडतो, आणि तो टिकवणे कठीण असते.

याच्या जोडीला ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीचा विचार करावा. २०१७ मध्ये तिचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या आणि इन्शुलिन न घेणाऱ्या स्थूल रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला ८५० कॅलरींच्या आसपास द्रव आहार देण्यात आला. वर्षअखेर त्यांपैकी ४६ टक्के रुग्ण औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आले. नेहमीची चिकित्सा घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो वा अधिक उतरले, त्यांच्यात ते ८६ टक्के होते. त्या द्रव आहारात ऊर्जेचा निम्म्याहून अधिक वाटा कर्बोदकांचाच होता. म्हणजे लाभ झाला तो एका घटकास शत्रू ठरवल्याने नव्हे, तर साठलेला मेद उतरल्याने. कर्बोदके कमी करणे हा मेद उतरवण्याचा एक चांगला मार्ग आहे, एकमेव नव्हे.

येथे आपल्या शास्त्राकडे वळणे उचित होईल. चरकाचार्यांनी प्रमेहाची गणना संतर्पणजन्य व्याधींत केली आहे. बसून राहण्याचे आणि झोपेचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ अशी त्याची कारणे सांगितली आहेत. दोष कफप्रधान, दूष्यांत मेद अग्रणी, आणि उपाय अपतर्पण. 'डायरेक्ट'ने जे दाखवले ते या सूत्राशी जुळते. तथापि यावरून आपले पथ्य म्हणजेच आजचा लो-कार्ब आहार, असे म्हणणे शास्त्राशी प्रामाणिक ठरणार नाही. प्रमेहाच्या पथ्यात अग्रस्थानी यव आहे, आणि कोरड्या यवातही निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असतो. आचार्यांनी धान्य सोडवले नाही, त्यांनी ते बदलले. नव्याऐवजी जुने, स्निग्धाऐवजी रूक्ष व लेखन, सोबत मूग-कुळीथ, कडू-तुरट भाज्या, जांगल मांस, आणि या सर्वांबरोबर व्यायाम. निर्धन प्रमेह्याने अनवाणी शेकडो योजने चालावे, विहीर खणावी, असे सुश्रुत सांगतात. श्रमाविना नुसता यव खाल्ला तर तो प्रमेहघ्न ठरेल, असे शास्त्राने कोठेही म्हटलेले नाही.

आता आपल्या रुग्णाच्या ताटाकडे पाहू. आयसीएमआर-इंडिॲब सर्वेक्षणाच्या २०२५ च्या निष्कर्षानुसार भारतीयांच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून येतो. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे ३१० ग्रॅम होतात. "पोळी सोडून भाकरी खा" या सल्ल्याने त्यात काय घट होते? ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू या साऱ्यांच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली, तर तिच्यात सुमारे ४० ग्रॅम. सकाळी दोन आणि रात्री दोन भाकऱ्या म्हणजे १६० ग्रॅम, आणि यात भात, दूध, फळ, चहातील साखर धरलेली नाही. भाकरी पोळीहून सावकाश पचते, तिचा कोंडा हितकर आहे, हे सर्व खरे. परंतु चार भाकऱ्या या चार भाकऱ्याच राहतात. सातूचे पीठ म्हणून बाजारात जे मिळते, त्यात पुष्कळदा गहू व हरभऱ्याची डाळ असते आणि ते खाल्ले जाते गूळ-दूध घालून. मग त्यातील यवाचे नाव तेवढे शिल्लक राहते. आणि उपवासाबद्दल तर काय बोलावे! साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. एकादशीस साबुदाण्याची खिचडी, रताळी आणि बटाट्याचा कीस खाणारा मधुमेही त्या दिवशी लंघन करीत नसून संतर्पण करीत असतो. हे त्याला त्याच्या श्रद्धेस न दुखावता सांगणे वैद्यालाच साधते.

खर्चाचा प्रश्नही टाळता येणार नाही. धान्य काढून घेतलेल्या ताटात काय वाढायचे? पनीर, अंडी, मासे, बदाम यांवर बेतलेला पन्नास ग्रॅम कर्बोदकांचा तक्ता मजुराच्या वा शेतकऱ्याच्या घरात आठ दिवसही चालत नाही. सुदैवाने इतके कठोर होण्याची सर्वांना गरज नाही. इंडिॲबच्याच संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, कर्बोदकांचा वाटा एकूण ऊर्जेच्या निम्म्याच्या आसपास आणून प्रथिने वाढवली, तरी भारतीय रुग्णांस लक्षणीय लाभ संभवतो. चाराऐवजी दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण वा उसळ, दोन प्रकारच्या भाज्या, ताक, आणि जेवणानंतर वीस मिनिटे चालणे, हे बहुतेक घरांत शक्य आहे. डाळींतही कर्बोदके असतात, परंतु शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमहून अधिक प्रथिनेही असतात. धान्य सोडून जे वाढावे त्याचे प्रथम स्थान म्हणून डाळींचेच आहे.

आणि मात्रा सर्वांना एक नव्हे. चरकांनी प्रमेह्याचे स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे दोन भेद करून पहिल्यास शोधन, दुसऱ्यास बृंहण सांगितले. जो रुग्ण झपाट्याने कृश होत आहे, ज्याची तहान व मूत्रप्रवृत्ती वाढत आहे, त्यास लो-कार्बचा तक्ता देणे हे शास्त्रविरुद्ध व धोक्याचे आहे. त्याला इन्शुलिनची गरज असू शकते. उलट बाजूस पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम आपल्याला सावध करते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका टिपणात त्यांची आणि एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना आहे. दोघांचा उंची-वजन निर्देशांक एकच, २२.३; परंतु इंग्रज सहकाऱ्याच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडे कृश दिसणारा प्रत्येक रुग्ण दूष्यांच्या दृष्टीने कृश असतोच असे नाही. डोळ्यांनी दर्शन घ्यावे, आणि पोटाचा घेर टेपने मोजून लिहावा.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. आपल्याकडे येणारे बहुतेक मधुमेही आधुनिक औषधे घेत असतात आणि ती घेतच राहतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड वा इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाचे धान्य आपण निम्म्यावर आणले आणि औषधाची मात्रा तीच राहिली, तर त्याची रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली जाण्याचा धोका निश्चित वाढतो. वृद्ध व्यक्ती, वृक्कविकाराचा रुग्ण, किंवा धडधड-थरथर ही लक्षणे झाकणारी रक्तदाबाची औषधे घेणारा रुग्ण यांच्यात हा धोका प्राणांवर बेतू शकतो. दुसरा धोका त्याहून फसवा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे आता स्वस्त झाली असून खेड्यातील रुग्णाच्या पिशवीतही आढळतात. ती चालू असताना कर्बोदके अतिशय कमी केली, लंघन केले, किंवा वमन-विरेचनाने शरीरातील द्रव घटला, तर रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्लता निर्माण होऊ शकते. मळमळ, उलटी, पोटदुखी, दम लागणे ही तिची लक्षणे. आपल्या पंचकर्म कक्षात ही लक्षणे दिसली तर ती शोधनाचा उपद्रव वा अम्लपित्त म्हणून घेतली जाण्याची शक्यता किती आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा. ग्लुकोमीटरवरील ठीक आकड्याने येथे निश्चिंत होऊ नये; अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात धाडावे.

यास्तव पथ्य देण्यापूर्वी रुग्णाच्या सर्व गोळ्यांची नावे वाचावीत, आणि जे डॉक्टर ती देतात त्यांना चार ओळींचे पत्र लिहावे: आहारात अमुक बदल करीत आहोत, मात्रेचा पुनर्विचार व्हावा. 'डायरेक्ट' चाचणीतही मधुमेहाच्या गोळ्या आरंभीच थांबवल्या गेल्या होत्या, परंतु त्या चाचणीच्या वैद्यकीय देखरेखीखाली. रुग्णाने आपल्या मनाने गोळ्या सोडणे आणि आपण ते डोळ्याआड करणे, हे दोन्ही वर्ज्य. वैद्याने ॲलोपॅथिक डॉक्टरला पत्र लिहिण्यात कमीपणा मानू नये. पत्र न लिहिल्याने जे घडेल, त्याची जबाबदारी मात्र आपल्या माथी येते.

औषधविक्रेते बंधूंसही दोन शब्द. ताटातील साखर काढून ती आपण औषधातून परत देत नाही ना? अवलेह व पाक यांचा मोठा भाग साखरेचा वा गुळाचा असतो. आसवारिष्टांतही गूळ-साखर असते. मध प्रमेहात शास्त्रसंमत आहे, परंतु अनुपानाच्या मात्रेत, वाटीभर नव्हे. दुकानात मधुमेही ग्राहक च्यवनप्राश मागतो तेव्हा त्याला एवढे सांगणे हा विक्रीतील तोटा नव्हे, ती दुकानाची पत आहे. तसेच 'मधुमेह मुळापासून बरा' अशी पाटी वा पत्रक लावू नये. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे, आणि असा दावा करणारी जाहिरात गुन्हा ठरते. कायदा बाजूस ठेवला तरी तो दावा शास्त्रालाही धरून नाही. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी उपशमाची व्याख्या निश्चित केली: औषधे थांबवल्यावर किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली असणे. 'बरा झाला' हा शब्द त्यांनीही टाळला. आपल्याकडे त्यासाठी समर्पक शब्द पूर्वीपासून आहे: याप्य. पथ्य असेतोवर व्याधी दबलेला, पथ्य सुटताच पुन्हा उठणारा. रुग्णास हाच शब्द समजावून द्यावा. तो आशा हिरावत नाही आणि फसवतही नाही.

शेवटी एक व्यवहार्य सूचना. आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने मधुमेहाच्या पथ्यासाठी एका पानाचे समान पत्रक तयार करावे. त्यात वजन, पोटाचा घेर, चालू औषधे, ठरवलेल्या भाकऱ्या व वाट्यांची संख्या, चालण्याची वेळ, आणि आरंभी, तीन, सहा व बारा महिन्यांनी तपासलेले एचबीएवनसी यांच्या नोंदी असाव्यात. बारा महिन्यांचा रकाना विशेष महत्त्वाचा, कारण परदेशातील चाचण्यांचा लाभ ओसरला तो तेथेच. रुग्णास त्याचे घर, त्याची शेती, त्याचे सणवार माहीत असलेला वैद्य वर्षभर भेटत राहिला तर हा लाभ अधिक टिकतो काय, याचे उत्तर आपल्याच नोंदी देऊ शकतील. वर्षअखेर त्या याच त्रैमासिकात, यशाच्या असोत वा अपयशाच्या, जशाच्या तशा प्रसिद्ध व्हाव्यात.