काटेविरहित निवडुंगाची रोपवाटिका घरोघरी हवी

दुष्काळ पडला म्हणजे चाऱ्याची आठवण होते आणि पहिला चांगला पाऊस झाला म्हणजे ती बुजून जाते. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील शेतकऱ्याने दावणीची जनावरे डोळ्यांदेखत खंगताना पाहिली. त्यानंतरच्या दुष्काळांतही चारा छावण्या उभाराव्या लागल्या. छावणी ही निकडीची सोय होय. ती चाऱ्याची तरतूद नव्हे. तरतूद सुकाळातच करावी लागते, आणि कोरडवाहू मुलखात ती करण्याचे एक स्वस्त साधन काटेविरहित निवडुंग हे आहे.

या वनस्पतीचा प्रसार व्हावा असा विचार नवा नाही. 2022 साली केंद्र शासनाच्या भूमिसंसाधन विभागाने पाणलोट विकासाच्या कार्यक्रमात तिच्या लागवडीस चालना दिली. तथापि केवळ वाटपाने कोणतीही वनस्पती गावात रुजत नाही. बाहेरून आलेली रोपे घाईने लावली जातात, लागवडीची नोंद होते, आणि पुढील पावसाळ्यात त्यांतील किती जगली हे पाहावयास कोणी जात नाही. ज्या शेतकऱ्याने आपल्या परसात चार फडे स्वतः लावून जगविले आहेत, त्याच्या बांधावरचा निवडुंग मात्र सहसा मरत नाही. यास्तव शेतातील लागवडीपूर्वी घरची रोपवाटिका, हाच क्रम योग्य होय.

निवडुंगाचे जे पान म्हणून ओळखले जाते ते वस्तुतः त्याचे चपटे, मांसल खोड असते. नागाच्या फड्यासारख्या दिसणाऱ्या या भागास येथे फडा म्हटले आहे. फड्यावर जे ठिपके दिसतात ते त्याचे डोळे होत. मातीखालच्या डोळ्यांतून मुळे फुटतात व वरच्या डोळ्यांतून नवे फडे येतात. बहुतेक पिके दिवसा आपली रंध्रे उघडतात. निवडुंग ती मुख्यतः रात्री, हवा गार असताना उघडतो. त्यामुळे त्याच्या अंगातील पाणी फार थोडे उडते. ही एक गोष्ट नीट ध्यानी आली म्हणजे त्याच्या अभिवृद्धीचे सर्व नियम आपोआप समजतात.

लावणीकरिता सहा महिने ते एक वर्ष वयाचा, निरोगी व भरदार फडा निवडावा. तो ओढून तोडू नये. सांध्यावर स्वच्छ, धारदार सुरीने कापावा. झाड काटेविरहित असले तरी डोळ्यांजवळ बारीक कुसळे असतात, म्हणून हाताला फडके गुंडाळावे. कापलेला फडा त्याच दिवशी लावू नये. तो आठ ते पंधरा दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवावा. कापाची जागा सुकून तिच्यावर खपली धरली म्हणजेच तो लावणीस तयार झाला असे समजावे. ओला काप मातीत गेला की तेथून कूज शिरते आणि फडा आतून पाणचट होऊन बसतो. ‘फडे लावले, पण कुजून गेले’ या तक्रारीमागे बहुधा हीच घाई असते.

जागा उन्हाची व निचऱ्याची असावी. मुरमाड माती उत्तम. काळी माती असल्यास तीत वाळू व मुरूम मिसळून गादीवाफा करावा. जुना डबा किंवा फुटका माठही चालतो, मात्र त्याच्या तळाला भोक असावयास हवे. पावसाचा जोर ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास लावणी करणे सोयीचे पडते. कापाची बाजू खाली करून फड्याचा सुमारे तिसरा हिस्सा मातीत जाईल असा तो उभा लावावा व भोवतालची माती दाबून घ्यावी. पहिला आठवडा पाणी देऊ नये. पुढे माती पूर्ण कोरडी झाल्यावरच हलके पाणी द्यावे. मुळे फुटली की नाहीत हे पाहण्याकरिता फडा उपटून किंवा हलवून पाहू नये. साधारण महिन्याभरात तो आपणच मातीत घट्ट होतो. इतर रोपे पाण्यावाचून मरतात. हे रोप पाण्याने मरते. मायेने रोज तांब्याभर पाणी घालणाऱ्या घरात ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते.

पाच फड्यांनी काय होणार, असे कोणी विचारील. एका झाडापासून वर्षाला लावणीजोगे तीनच फडे मिळाले असे धरले, तरी पाचाचे पहिल्या वर्षाअखेर 20, दुसऱ्या वर्षाअखेर 80 व तिसऱ्या वर्षाअखेर 320 होतात. त्यांतील निम्मे वाया गेले तरी बांधाची एक बाजू भरते. यास मोठे भांडवल लागत नाही. लागतो तो धीर.

निवडुंगाविषयी जुन्या मंडळींच्या मनात असलेला संशय अगदीच निराधार नाही. काटेरी निवडुंगाने एके काळी देशात पुष्कळ जमीन व्यापली होती. 1795 साली लाल रंगाच्या उद्योगाकरिता कोचिनील म्हणून एक किडा भारतात आणला गेला. तो भलत्याच जातीचा निघाला. रंग चांगला मिळाला नाही, पण निवडुंगाच्या एका जातीचा त्याने फडशा पाडला. पुढे 1926 मध्ये दुसऱ्या जातीचा कोचिनील किडा श्रीलंकेतून दक्षिण भारतात मुद्दाम आणून तेथील रानटी निवडुंग आटोक्यात आणण्यात आला. या इतिहासातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, निवडुंग बियांपासून वाढवू नये. काटेविरहित झाडाच्या बियांपासून काटेरी रोपे निघू शकतात. म्हणून फड्यापासूनच रोप करावे, आणि तुटून पडलेले फडे रानात फेकू नयेत. दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. जो किडा तणाचा शत्रू, तोच चाऱ्याचाही शत्रू. मोरोक्को देशात 2014 पासून या किड्याने निवडुंगाच्या बागांची मोठी नासाडी केली. फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले व ते चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर तो फडा लावणीस घेऊ नये. ट्रकभर आलेल्या मालातील प्रत्येक फडा कोणी तपासत नाही. परसातील झाड मात्र रोज नजरेखाली असते. घरच्या रोपवाटिकेचा हा लाभ पैशात मोजता येणार नाही.

निवडुंग म्हणजे संपूर्ण आहार नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यात सुमारे नऊ दशांश पाणी असते व प्रथिने थोडी असतात. नुसता निवडुंग घातल्यास जनावरास पातळ शेण होते. म्हणून त्याच्या फोडी करून कडब्यात मिसळून द्याव्या, आरंभी थोड्या द्याव्या व जोडीला पेंड असावी. भर उन्हाळ्यात कोरड्या कडब्याबरोबर जनावराच्या पोटात ओलावा जातो, हाच त्याचा मोठा उपयोग होय. काटे नसल्यामुळे शेळ्या व रानडुकरे त्याच्यावर तुटून पडतात. सबब पहिली दोन वर्षे काट्याकुट्यांचे कुंपण अवश्य करावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने या कामी व्याख्यान देण्यापेक्षा स्वतःच्या अंगणात एक वाफा करावा. तेथे आलेल्यास खपली धरलेला फडा हातात द्यावा आणि ओला फडा शेजारी ठेवून दोहोंतील फरक दाखवावा. पुढील वर्षी त्याने किती फडे वाटले हे विचारू नये; किती घरांनी आपल्या झाडाचा फडा शेजाऱ्यास दिला हे विचारावे. गावात चारा उभा राहिला की नाही याचे खरे उत्तर तेथे मिळेल. पाऊस बरा झाला आहे, तोच वाफा करून घ्यावा.