अर्ज ठरताना अंगणवाडी सेविका हवी

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे ई-केवायसी सुरू झाले. महिलेने आधी स्वतःचा आधार क्रमांक आणि ओटीपी भरायचा, मग पतीचा किंवा वडिलांचा. पतीही हयात नाही आणि वडीलही नाहीत, अशा महिलेने त्या रकान्यात काय भरायचे? संकेतस्थळाकडे याचे उत्तर नव्हते. महिन्याच्या दीड हजाराची निकड ज्यांना सर्वांत जास्त, नेमक्या त्याच अडल्या. पुढे मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. अशा महिलांनी स्वतःचे ई-केवायसी करून मृत्यूच्या दाखल्याची किंवा घटस्फोटाच्या कागदांची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यावी, अशी वाट काढली गेली.

याचे खापर प्रोग्रामरवर फोडण्यात अर्थ नाही. चूक रकाना ठरवतानाच झाली. घरोघरी फिरणाऱ्या अंगणवाडी सेविकेला गावातली कोणती बाई एकटी आहे हे तोंडपाठ असते. निस्तरायला तिला बोलावले, तसे ठरवायला बोलावले असते, तर पहिल्याच बैठकीत तिने ही अडचण सांगितली असती.

डिझाइन म्हणजे रंग आणि बटणे, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे. नियम एकाने लिहायचा, अर्ज दुसऱ्याने बांधायचा, आणि सगळे ठरून गेल्यावर डिझायनरने तो देखणा करायचा. अर्ज भरणारा माणूस या साखळीत कुठेच नसतो.

बँकांच्या डिजिटल केवायसीतही हेच घडले. माणूस जिवंत आहे याची खात्री पटावी म्हणून कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले जाई. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांनी आणि अंध व्यक्तींनी ती कशी करावी? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि २० निर्देश दिले. त्यांतला एक फार मोलाचा आहे: ॲप किंवा संकेतस्थळ घडवताना त्याच्या चाचणीत अंध व्यक्तींना सहभागी करून घ्यावे.

ब्रिटनने ही सवय आधीच लावून घेतली. तिथल्या सरकारचे एकत्रित संकेतस्थळ ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाले. ते घडवणाऱ्या डिजिटल सेवा विभागात मजकूर लिहिणारे, डिझायनर आणि प्रोग्रामर एकाच चमूत बसत. वापरणाऱ्यांचे निरीक्षण हे एकट्या संशोधकाचे काम नाही, असा या विभागाचा आग्रह आहे. चमूतल्या प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत किमान दोन तास लोक सेवा कशी वापरतात हे स्वतः पाहावे, अशी शिफारस तो करतो. बाई एका रकान्यापाशी अडून बसलेली प्रोग्रामरने आणि अधिकाऱ्याने एकत्र पाहिली, की चूक कोणाची हा वाद तिथेच मिटतो आणि रकाना बदलतो. दिखाऊपणा जवळजवळ नसलेल्या या संकेतस्थळाला २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातील सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्र सरकारने एवढे तरी करावे: कोणत्याही योजनेचे संकेतस्थळ खुले करण्याआधी नियम लिहिणारा अधिकारी आणि प्रोग्रामर यांनी चार-पाच तालुक्यांत सेविकांच्या आणि लाभार्थींच्या शेजारी बसून तो अर्ज भरला जाताना पाहावा. ही अट कंत्राटातच घालावी. आणि त्या बैठकीनंतर नियम बदलण्याचा अधिकार असलेला माणूस तिथे हजर असावा.